वस्तादाचा पगार

मानधन हा शब्द मराठीत ज्याने रूढ केला तो मोठा व्यवहारचतुर गृहस्थ असला पाहिजे. पगार म्हटला की त्याच्यामागून आकडा येतो, तारीख येते, रजा येते, फंड येतो आणि आकड्यात चूक झाली तर भांडण्याचा हक्कही येतो. मानधन म्हटले की यांतले काहीच येत नाही. देणाऱ्याने सवडीने द्यायचे आणि घेणाऱ्याने मान लववून घ्यायचे. शब्दात मानही आहे आणि धनही आहे. हातावर पडते तेव्हा बहुधा दोन्ही नसतात.

या मानधनावर आमच्या सातारा-सांगलीकडचा एक सबंध पेशा जगत आला आहे. तालमीत त्याला वस्ताद म्हणतात, कॉलेजात कोच म्हणतात, सरकारी कागदावर तो क्रीडा मार्गदर्शक होतो. नावे तीन, अवस्था एक. या माणसाला विद्यापीठाने आणि कॉलेजाने द्यावे तरी किती, हा प्रश्न मी आज मांडणार आहे. आणि उत्तर लपवून ठेवून वाचकांची उत्कंठा वाढवावी, असा कादंबरीकाराचा डाव येथे खेळणार नाही. माझे उत्तर असे: त्याच कॉलेजात वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला जितके देता तितके द्या. त्याहून छदाम कमी नको. आणि तितक्याच ठासून सांगतो, त्याहून छदाम जास्तही नको. ऐन दिवाळीत हे पगाराचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. पण बोनसच्या दिवसांत पगाराविषयी बोलायचे नाही, तर मग केव्हा बोलायचे?

मी स्वतः मैदानावरचा माणूस नव्हे. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक आणि वर चित्रकलेच्या परीक्षा. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे मानधनाची चव मलाही ठाऊक आहे. पण शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा आणि खेळाचा तास शेजारीशेजारी नांदतात, आणि गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की बळी कोणाचा द्यायचा हेही ठरलेले असते. खेळाच्या मास्तरांशी माझा हा असा शेजारधर्म. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने तर आम्हाला एकाच ओळीत बसवले. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी शिकवणारे असावेत, असे त्या कायद्याची अनुसूची सांगते; पण ते कसे? तर अंशकालीन. गणिताचा मास्तर पूर्ण आणि खेळाचा मास्तर अंश! मूल मात्र शाळेत येते ते सबंध येते. हातपाय घरी ठेवून नुसते डोके दप्तरात घालून पाठवण्याची सोय अजून कोणत्या आईला साधलेली नाही.

आता आपल्या भागाला खेळाचे वावडे आहे, असे तर शत्रूही म्हणणार नाही. कोल्हापुराला फुटबॉलचे वेड, आम्हाला कुस्ती, कबड्डी आणि खो-खोचे. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने हे दोघे १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांतून प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आले. दोघेही हिंदकेसरी, आंदळकर १९६० चे, माने १९६४ चे. यात्रेतल्या फडाला आजही जी गर्दी लोटते ती पाहून एखाद्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षालाही हेवा वाटावा.

पण आपले हे वेड मल्लाच्या डोक्यावर फेटा बांधण्यापुरते आहे. त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहायला आपल्याला सवड नसते, आणि त्याची किंमत काय पडते हे सांगायला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांसारखे दुसरे उदाहरण नाही.

खाशाबांची अर्धी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते; तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि खाशाबा स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले. कांस्यपदक. मग बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो, आणि तो भरून यावाच.

दुसरी अर्धी गोष्ट मात्र आपण मुलांना सांगत नाही. त्या दिवशी खाशाबांची जपानच्या इशीशी लांबलचक, दमछाक करणारी लढत झाली. हा इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. ती लढत संपते न संपते तोच खाशाबांना रशियाच्या मल्लाशी लढायला बोलावण्यात आले. दोन लढतींच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे असा नियम होता. पण पंचांपुढे जाऊन 'साहेब, नियमाप्रमाणे आमच्या गड्याला विश्रांती द्या,' एवढे एक वाक्य बोलायला तेथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. विश्रांती मिळाली असती तर ते जिंकलेच असते, असे मी म्हणत नाही. पण एवढे निश्चित की पदकाचा रंग केवळ मल्लाच्या दंडात ठरत नाही. कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या जिभेवरही तो काही अंशी ठरत असतो. खर्डेकरांच्या घराने मल्ल पाठवला. वस्ताद पाठवायला दुसरे घर गहाण पडायला हवे होते की काय?

याच खाशाबांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी रीस गार्डनर नावाचा परदेशी शिक्षक लाभला होता. मातीत वाढलेल्या गड्याला मॅटवरचे डाव समजावून सांगणारा माणूस भेटला, आणि त्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी सहावा क्रमांक मिळवला. शिक्षकाने काय फरक पडतो, याचा पुरावा आपल्या मातीतच पडलेला आहे. तो आपण उचलत नाही एवढेच. पुढे १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले, १९८३ साली सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. असा माणूस पूर्ण वेळ, पूर्ण पगारावर पोरांना डाव शिकवायला बसवील, अशी खुर्ची आज तरी किती कॉलेजांत आहे?

पूर्वी हा भार राजेलोक उचलीत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभे केले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेला. संस्थाने विलीन झाली ती योग्यच झाली; त्याबद्दल अश्रू ढाळणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण राजाश्रय गेल्यावर त्या जागी लोकाश्रय यायचा होता, तो वाटेतच अडला आणि त्याच्याऐवजी देणगी आली. कोणी साखर कारखाना देतो, कोणी पुढारी वाढदिवसाला देतो, कोणी निवडणुकीच्या वर्षी देतो. देणगीने तालमीवर पत्रे चढतात. वस्तादाच्या चुलीवर दरमहा भांडे चढत नाही.

माझ्याच डोळ्यांपुढचा एक प्रकार सांगतो. आमच्या भागातल्या एका कॉलेजाचा कबड्डीचा संघ विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचला. कॉलेजाचे नाव कशाला हवे? पोरांना तयार करणारा गृहस्थ पहाटे पाचला मैदानावर यायचा, सातला दूध संकलन केंद्रावर कामाला जायचा आणि संध्याकाळी पुन्हा मैदानावर हजर. त्याला मिळायचे ते मानधन, आणि तेही स्पर्धेच्या दोन महिन्यांपुरते. विजयानंतर अभिनंदनाचा मोठा फलक करायचे ठरले. चित्रकलेचा मास्तर म्हणजे गावाचा फुकटचा पेंटर, तेव्हा फलक माझ्याकडे आला. सोबत ऑफिसातून नावांची यादी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, प्राचार्य, मग खेळाडू. वस्तादाचे नाव नव्हते. मी क्लार्कला विचारले. तो चांगला माणूस होता, ओशाळला आणि म्हणाला, "सर, ते आपल्या मस्टरवर नाहीत." त्याच महिन्यात स्नेहसंमेलनाचा मांडव पडला. मांडववाल्याचे बिल रुपया न् रुपया चुकते झाले. तोही मस्टरवर नव्हता. पण मांडववाल्याला कोणी मानधन देत नाही. थकवले तर तो कनाती सोडून नेईल ही धास्ती असते. वस्ताद काय सोडून नेणार? पोरांना शिकवलेली पकड त्याला परत काढून नेता येत नाही.

वाचकहो, 'मस्टरवर नाहीत' या दोन शब्दांत आपल्या खेळाची सारी शोकांतिका आली. हेलसिंकीला कडेला जो माणूस नव्हता, तो हाच.

आणि तरीही आमच्या जिल्ह्यांतून चमत्कार घडतात. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही जगज्जेता झाला. दोघांचे गुरू एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. नागपूरच्या मुलाने विद्येसाठी साताऱ्यास यावे, असा तो गुरू. आदितीचे वडील शिक्षक. धनुष्याला लाखांचा खर्च. शिक्षकाच्या पगारात तो कसा बसतो हे शिक्षकालाच विचारावे. तो बसतो कर्जात. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजूर आईबापांच्या प्रवीण जाधवला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकाने हेरले, पुढे सरकारी क्रीडा प्रबोधिनीत त्याला बारमाही शिक्षण मिळाले, आणि तो टोकिओ ऑलिंपिकला जाऊन आला. पगारी शिक्षकाने हेरावे आणि पगारी शिक्षकाने घडवावे, हे आपल्याकडे जमते. जेथे केले तेथे जमले आहे.

सांगलीचा संकेत सरगर घ्या. वडिलांचे पानाचे दुकान आणि चहाची गाडी. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने २४८ किलो उचलले, मलेशियाच्या गड्याने २४९. एका किलोने सुवर्ण हुकले. तेही कोपर दुखावलेले असताना. महाराष्ट्र सरकारने त्याला तीस लाख आणि त्याच्या प्रशिक्षकांना साडेसात लाखांचे बक्षीस जाहीर केले. चांगले केले. पण बक्षीस येते ते पदकानंतर. पदकाआधीची सात-आठ वर्षे काय खायचे? आणि ज्या वस्तादाचे पोर एका किलोने नव्हे, पाच किलोंनी मागे राहिले, त्याने शिकवण्यात काय कसूर केली होती?

येथे आपले परंपरावादी मित्र उठून उभे राहतात. विद्या हे दान आहे, म्हणतात. गुरू आणि पगार हे शब्द एका वाक्यात शोभत नाहीत. त्यांना मी महाभारत पुन्हा वाचायला सांगतो. द्रोणाचार्यांच्या घरी अश्वत्थाम्याला दूध मिळेना, तेव्हा त्याला पिठाचे पाणी दूध म्हणून पाजले. मित्र म्हणवणाऱ्या द्रुपदाच्या दारी गेले तर अपमान पदरी पडला. मग हस्तिनापूरच्या राजघराण्याने त्यांना ठेवून घेतले, आणि त्या दिवसापासून त्यांची विद्या एका घराण्याची झाली. एकलव्याचा अंगठा कापला गेला तो एका अर्थाने त्याच वेतनपटावर. जो गुरू एका श्रीमंताच्या आश्रयाने जगतो, त्याला त्या श्रीमंताच्या पोरापुढे दुसऱ्याचे पोर जाऊ देता येत नाही. १९८५ पासून आपण उत्तम प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार देतो. पहिल्याच वर्षी तो कुस्तीचे भालचंद्र भागवत यांना मिळाला. पुरस्काराला नाव द्रोणाचार्यांचे दिले, पण त्यांच्या चरित्राचा धडा घेतला नाही. धडा असा की गुरूला सर्वांच्या पैशातून पोसा, म्हणजे तो सर्वांचा राहील.

दुसरे टोक अमेरिकेचे. आपल्याकडचे काही उत्साही लोक तिकडचे आकडे तोंडात घोळवीत असतात, म्हणून ते सांगतो. तेथे हातात चेंडू घेऊन धावण्याचा एक फुटबॉल आहे. त्याच्या कॉलेज संघांचे कोच हे कित्येक राज्यांत सगळ्यांत जास्त पगार घेणारे सरकारी नोकर असतात. राज्यपाल आणि कुलगुरू त्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत. अलाबामा विद्यापीठाने निक सेबन यांच्याशी २०२२ साली जो करार केला, त्याची सरासरी वर्षाला सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर होती. २०२३ साली टेक्सासच्या एका विद्यापीठाने आपल्या कोचला मुदतीआधी घरी पाठवले, तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे निघाले. आपल्या पैशांत सहाशे कोटींच्या वर, आणि तेही न शिकवण्याबद्दल! मैदानावर हाडे मोडून घेणाऱ्या पोरांना मात्र कॉलेजांनी थेट पैसा देण्याची परवानगी व्हायला २०२५ साल उजाडले. तिकीट, दूरदर्शन आणि जाहिरात यांच्या जोरावर तेथे कोच सेनापती झाला आणि विद्यापीठ त्याची छावणी. हा रस्ता आपल्याला नको. ज्या गावात वस्ताद कुलगुरूंपेक्षा मोठा होतो, तेथे पोराचा गुडघा त्याला गुडघा दिसत नाही, बाजारभाव दिसतो.

म्हणूनच पदकागणिक पैसे देण्याच्या योजनेलाही माझा विरोध आहे. पदकावर पोट ठेवले की वस्ताद चाळीस पोरांतले एक उचलील आणि एकोणचाळीस सोडून देईल. दुसऱ्या कॉलेजातला तयार गडी फोडून आणील. वयाच्या दाखल्याकडे काणाडोळा करील. आणि एखादा दुबळा असेल तर पोराच्या हातात नको ती पुडीही ठेवील. वर्गातल्या प्राध्यापकाचा पगार पहिल्या नंबराच्या मुलावर ठरत नाही. तो सबंध वर्ग शिकवण्याचा असतो. मैदानाला न्याय वेगळा का असावा?

आता आकडा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, आणि शारीरिक शिक्षण संचालकाचेही तेवढेच. म्हणजे तत्त्व कागदावर मान्य आहे! अडचण अशी की कॉलेजागणिक संचालक एक, आणि ती खुर्चीही अनेक ठिकाणी रिकामी. २०१८ साली शासनाने कॉलेजांतली पदे भरायला परवानगी दिली, त्यात सहायक प्राध्यापक ३,५८० होते आणि शारीरिक शिक्षण संचालक १३९. जो एक संचालक असतो तो कुस्ती, धावणे, कबड्डी आणि पोहणे हे सगळे शिकवील, अशी आपली अपेक्षा. म्हणजे एकाच प्राध्यापकाने संस्कृत, रसायन आणि हिशेबनीस शिकवण्यासारखे. प्रत्यक्षात तो प्रवेशअर्ज तपासतो आणि संमेलनाच्या खुर्च्या मोजतो. मग एखाद्या खेळाला वस्ताद लागला की स्पर्धेच्या तोंडावर काही दिवसांपुरता बोलवायचा. हिंदीचा प्राध्यापक परीक्षेआधी दोन आठवडे आणून पोरे पास होतील का?

पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रास्त उत्तर आहे. प्रत्येक कॉलेजाने प्रत्येक खेळाचा वस्ताद ठेवावा, असे मी म्हणत नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत कॉलेजांचे जाळे विणले. तालुक्यातल्या तीन-चार कॉलेजांनी मिळून एक कुस्तीचा, एक कबड्डीचा, एक धावण्याचा वस्ताद ठेवावा. नाव विद्यापीठाच्या मस्टरवर, पगार बारमाही. प्रवेशाच्या वेळी पालक जे क्रीडाशुल्क भरतात, त्याचा हिशेब भिंतीवर लावावा. काही वाटा त्यातून येईल, उरलेला शासनाने द्यावा. प्रेक्षागृहाची एक कमान कमी बांधली तर विद्येचे काही बिघडणार नाही.

पदवीचा आग्रह धरणाऱ्यांनाही नाराज करू नये. १९६१ पासून पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, तेथे शिकलेले तरुण आपल्या गावांतून रिकामे हिंडतात, त्यांना घ्या. आणि ज्याने तीस वर्षे लाल मातीत काढली पण कागद नाही, त्याची परीक्षा मैदानावर घ्या. नियम विचारा, आहार विचारा, दुखावलेल्या खांद्याला किती दिवस विश्रांती द्यायची ते विचारा. ज्याला सांगता येईल तो प्राध्यापकाच्या तोलाचा. मग त्याला प्राध्यापकाची शिस्तही लावा: हजेरी, तपासणी आणि कसुराबद्दल जाब.

हा जाबाचा मुद्दा मी विशेषेकरून आयांसाठी लिहितो. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. तेव्हापासून कित्येक घरांत मुलीने शड्डू ठोकला असेल. पहाटेच्या अंधारात पोरीला मैदानावर पाठवताना आई विचारते, "शिकवणारे कोण? कोणाचे? काही झाले तर दाद कोणाकडे मागायची?" मानधनावरच्या माणसासाठी या प्रश्नाला उत्तर नसते; तो कोणाचाच नसतो. मस्टरवरचा माणूस संस्थेचा असतो, त्याच्यासाठी संस्थेला उत्तर द्यावे लागते. आणि मुलींसाठी स्त्री-शिक्षिका नेमायची, तर दोन महिन्यांच्या मानधनावर कोणती बाई संसार सोडून पाचला मैदानावर येईल?

तेव्हा आईबापांना माझे एवढेच सांगणे. पुढच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीवर पैसे भरताना ग्रंथालय पाहता, प्रयोगशाळा पाहता, तसे हेही विचारा: तुमचा खेळाचा शिक्षक मस्टरवर आहे का? एकाने विचारले तर क्लार्क हसेल. शंभरांनी विचारले तर प्राचार्य चष्मा पुसतील. सगळ्या तालुक्याने विचारले तर विद्यापीठात फाईल हलेल. पाडव्याला दुकानदार नवी वही पूजतात आणि जुनी देणी पाहतात. विद्यापीठांनीही यंदा वही उघडावी. खाशाबांपासूनचे देणे थकलेले आहे, आणि धनको दारात येऊन कधी ओरडणार नाही. तो पहाटे पाचला मैदानावर गेलेला असतो.